एक ओळ कमी

ताईचा आवाज गोड नव्हता. छापखान्यात गोड आवाज लागतही नाही. तिथे सपाट, न दमणारा आवाज लागतो, आणि तो तिच्याकडे होता. एकतीस वर्षं ती मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि समोर बसून मी छापील कागदावर चुका काढायचो. वाचायचं ते विरामचिन्हांसकट. "सदर जमीन स्वल्पविराम विहिरीसह स्वल्पविराम विकण्यात येत आहे पूर्णविराम." कायद्याची पुस्तकं, टेलिफोनच्या याद्या, औषधांच्या खोक्यांतली पत्रकं, सगळं आम्ही असंच वाचलं. कंपोझिटर तिला रेडिओ म्हणायचे आणि मला मुका. मी फारसं बोलत नसे. गरजच पडत नसे.

पान संपलं की ओळी जुळवायच्या, ही आमची दोघांची पद्धत होती. तिचा अंगठा वाचताना बोटांच्या पेरांवर सरकत असायचा. मी कागदावरच्या ओळी मोजून आकडा आधी सांगायचा, मग तिनं तिचा सांगायचा. जुळला तर पान पुढे, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

लग्न आम्हा दोघा भावंडांपैकी कोणाचंच झालं नाही. तिचं ठरून मोडलं, तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं. तिथे माझं कोण ऐकून घेणार होतं?" निवृत्तीनंतर आम्ही दोन खोल्यांत राहायला लागलो. सकाळी ती वर्तमानपत्र वाचायची, मी ऐकत भांडी घासायचो. स्वल्पविरामासकट, अर्थात.

सहासष्टाव्या वर्षी तिचा आवाज बसला. गुळण्या, मध, वाफ, सगळं झालं. "रेडिओचे सेल संपत आलेत," असं ती घोगऱ्या आवाजात म्हणायची आणि मी हसायचो. यात चार महिने गेले. ते हसणं मला अजून टोचतं. मग घशात नळी घालून तपासणी झाली, गाठीचा तुकडा काढला, स्कॅन झाला. स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला.

उपचार समजून घ्यायला तिनं मला एकट्यालाच पाठवलं. "डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की मी घाबरते आणि अर्धं विसरते. तू लिहून आण. मग आपण पान जुळवू."

डॉक्टरबाईंनी कागदावर घशाचं चित्र काढून दाखवलं. दोन मार्ग होते. एक रेडिएशनचा, ज्याला तिथे सगळे शेक म्हणतात. आठवड्यातले पाच दिवस, असे सात आठवडे, आणि सोबत सलाइनमधून औषध. तोंड सोलवटतं, गिळताना रडू येतं, पण पुष्कळांचा आवाज वाचतो. दुसरा मार्ग ऑपरेशनचा. स्वरयंत्र पूर्ण काढायचं. मग श्वास मानेवरच्या भोकातून आणि पहिला आवाज कायमचा गेला. पुढे झडप बसवून किंवा यंत्र धरून काही जण बोलायला शिकतात. गाठीच्या आकारानुसार शेकही लागू शकतो. मी सगळं लिहून घेतलं. बाई मधेच थांबून म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काहीच विचारत नाही." मी म्हटलं, "लिहितोय ना."

बाहेर बाकावर बसून पान वाचलं. पंधरावी ओळ अशी होती: गाठ कूर्चेत शिरल्यासारखी दिसते, म्हणून नुसत्या शेकानं जाईल याची खात्री कमी, आणि नंतर ऑपरेशन करावं लागलं तर शेकलेली जखम लवकर भरत नाही.

शेजारी एक बाई डब्यातलं खात होती, तिनं विचारलं, "तुमचं कोण?" मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठलो.

घरी ताई खुर्चीत ताठ बसली होती, हात मांडीवर. मी ओळ संपली की थांबत वाचायला लागलो, तिचा अंगठा पेरांवर सरकू लागला. आयुष्यात पहिल्यांदा वाचणारा मी आणि ऐकणारी ती. चौदावी ओळ झाल्यावर मी सोळाव्यावर गेलो. आवाज कापला नाही. पान संपलं.

"ओळी?" तिनं विचारलं.

"एकोणीस," मी म्हटलं. इतक्या वर्षांची सवय. कागदावर होत्या तेवढ्या सांगून मोकळा झालो.

तिनं अंगठा पेरावरून उचललाच नाही. "माझ्याकडे अठरा."

"मुक्या, ओळ गाळलीस."

"चुकून राहिली असेल."

"तुझी? तू टेलिफोनच्या यादीतला एक आकडा सोडला नाहीस कधी. पुन्हा वाच. पहिल्यापासून."

मी पुन्हा वाचलं. पंधराव्या ओळीशी तिचा अंगठा थांबला, मग पुढे सरकला. एकोणीस भरल्या.

"आवाज कोणाला हवाय? मला की तुला?"

खोटं सांगायला काही उरलं नव्हतं. "मला," मी म्हटलं.

ती हसली, मग खोकली. "मग माझा गळा गेल्यावर तुझा वापर. नवाकोरा पडलाय."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः डॉक्टरांकडे गेली, अकरा प्रश्न लिहून. मी दाराशी उभा होतो. शेवटचा प्रश्न मला ऐकू आला, "तुमची आई असती तर?" बाईंचं उत्तर ऐकू आलं नाही. परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "ऑपरेशन," आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी तिच्या पिशवीचे बंद धरून बसलो होतो.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं संमतीचा फॉर्म सहीला आणला. एक प्रत ताईकडे, एक माझ्याकडे. ताईनं चष्मा लावला आणि त्या फाटक्या आवाजात सुरुवात केली. "मी खाली सही करणार स्वल्पविराम माझ्या मर्जीने स्वल्पविराम..." शेजारच्या खाटेवरची पोरगी टकामका बघत राहिली. नर्स म्हणाली, "आजी, वाचायचं नसतं, सही करायची असते." ताईनं बोट वर केलं आणि वाचतच राहिली. स्वरयंत्र कायमचे काढले जाईल पूर्णविराम. तेही तिनं सपाटच वाचलं.

"ओळी?"

"बावीस," मी म्हटलं.

"बावीस."

तिनं सही केली. त्यानंतर स्ट्रेचर आलं. बावीस हा तिच्या आवाजातला शेवटचा शब्द.

तिला झडप मानवली नाही. गळ्याला लावायचं यंत्र तिनं एकदा लावून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि कपाटात ठेवून दिलं. आता ती पाटीवर लिहिते. घरात आम्ही दोघं आहोत, पण आवाज एकट्याचाच आहे आणि तो माझा असल्यानं मला अजून परका वाटतो. सकाळी वर्तमानपत्र मी वाचतो. चुकीच्या ठिकाणी थांबतो, स्वल्पविराम खातो. ती टेबलावर टकटक करते. कधी कधी वाचता वाचता मी उगाच थांबतो, पुढचं वाक्य तिकडून येईल म्हणून. ते येत नाही. नळ गळत असतो तेवढा ऐकू येतो.

बातमी संपली की मी आकडा सांगतो. ती पाटीवर तिचा लिहून दाखवते. बहुतेक वेळा जुळत नाही, चूक माझीच असते. मग मी पाणी पितो आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो.