होडीतून उतरता येतं का

डोळे मिटते आणि मोजते. सकाळी घाटावर माणसं एकोणीस होती. चिंचेवर कावळे सात, पण त्यातला एक मधूनच उडून नदीपलीकडे जायचा, म्हणजे कधी कधी सहा. केळीच्या पानावर पिंड, शेजारी पाण्याचा तांब्या आणि मामाला आवडायची म्हणून एक कांदाभजी. पिंडासमोर हात जोडून दिलेली वचनं सहा. पिंडाला शिवलेले कावळे शून्य.

सहातलं चौथं वचन माझं होतं.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे गाड्यांत बसले. आता दुपार आहे. मी मामाच्या खोलीत, मामाच्या कॉटवर पडले आहे. मागच्या गॅलरीच्या कठड्यावर मामीने दहीभाताचा गोळा ठेवला होता. ती दर दोन मिनिटांनी विचारत होती, "थोडा खाल्लेला दिसतोय का गं?" नुसत्या दिसण्यावर माझा भरवसा नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन सारखे गोळे तोलले, प्रत्येकी चौऱ्याऐंशी ग्रॅम. एक उघडा ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी चाळणीखाली. उन्हाने भात किती सुकतो ते चाळणीखालच्या गोळ्यावरून कळेल.

"आता याचंही प्रॅक्टिकल का?" अण्णामामांनी, मामाच्या थोरल्या भावाने, विचारलं होतं. मामीने सकाळपासून अन्नाचा कणही तोंडात घातलेला नाही. मामा गेला त्या सकाळी ती त्याला म्हणाली होती, "सदा त्या खोलीत कोंडून घेता, घरात माणसं आहेत याची आठवण आहे का?" घाटावर तिने दोनदा कान पकडले. कावळे फांदीवरून हलले नाहीत.

पंखा फिरतो आहे. पात्यांचा आवाज हळूहळू वल्ह्यासारखा होतो.

"सरक जरा," मामा म्हणतो. "पाय भिजताहेत माझे."

मी सरकते. फरशीवर घोटाभर पाणी आहे आणि त्याखाली फरशीची नक्षी हलते आहे. मामा कॉटच्या पायाशी बसला आहे, अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरमध्ये. या उन्हात स्वेटर कशाला, हे विचारायचं राहून जातं.

"कधी आलास?"

"आलो कुठे? सकाळपासून चिंचेवरच बसलोय. एकेक जण येतो, काहीबाही कबूल करून जातो. अण्णा म्हणाला, गच्चीची गळती काढून देतो. बारा वर्षं काढून देतोय."

मला हसू येतं आणि लगेच लाज वाटते.

"आणि तू काय म्हणालीस गं, मृणे?"

मी पाण्याकडे बघते.

"मोठ्याने बोल. मागच्या बाकांना ऐकू जाऊ दे."

मागे बाक आहेत. ही आमच्या विभागाची प्रयोगशाळा आहे, तोंडी परीक्षा चालू आहे, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाच्या खुर्चीत मामा बसला आहे. समोर बशीत एक भजी, त्याने अजून हात न लावलेली. बाकांवर घाटावरची माणसं ओळीने बसली आहेत, ओल्या कपड्यांतच. बेसिनच्या नळांवर कावळे आहेत. मी मोजायला जाते, पण आकडा ठरत नाही.

"मी म्हणाले, मामा, तू शिकवलेल्या गणिताचं चीज करीन. पीएच.डी. पूर्ण करीन."

"कुणी शिकवलेल्या?"

"तू."

"काय शिकवलेल्या?"

"गणित."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकतं. माझे कान तापतात.

मामाला गणित येत नव्हतं. तो कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता आणि साध्या टक्केवारीलाही कॅल्क्युलेटर काढायचा. पण मी अकरा वर्षांची असल्यापासून अठराची होईपर्यंत दर शनिवार-रविवार या खोलीचं दार बंद करून आमची जी शिकवणी चालायची, ती गणिताची असं घरात ठरलेलं होतं. आत आम्ही कॉम्प्युटरवर 'टाइडपोस्ट' हा गेम खेळायचो. त्यात एक म्हातारा नावाडी असतो. धुक्यातून होडी वल्हवत तो बेटाबेटांवर टपाल पोचवतो. तलवार नाही, बंदूक नाही, कुणाला मारायचं नाही. गॅलरीकडून मामीच्या बांगड्या वाजल्या की मामा खेळाचा आवाज बारीक करून ओरडायचा, "पंधराचा वर्ग?" आणि मी ओरडायचे, "दोनशे पंचवीस!"

मी भौतिकशास्त्र घेतलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मामाची पाठ थोपटली. तो मान खाली घालून पेढे वाटत होता. मीही.

"घाटावर सगळे माझ्याकडे बघत होते," मी म्हणते. "मामी म्हणाली, तुझा त्याच्यावर फार जीव, तू काहीतरी बोल. मग सुचलं ते बोलले."

"आणि खरं काय होतं?"

"खरं म्हणजे..." मी मागे बघते. अण्णामामा मान पुढे काढून ऐकताहेत. "सगळे आहेत, मामा."

"असू देत. लाज कुणाची वाटली तुला? माझी की खेळाची?"

प्रश्न नेमका आहे. उत्तरही नेमकं द्यायला हवं, पण दिलेल्या दोन पर्यायांत ते नाही.

"माझीच," मी म्हणते. "काल संध्याकाळी चौथ्या भागाची घोषणा झाली. झलक आली. मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि आवाज बंद करून ती बघितली. बाहेर मामी रडत होती, मामा. आणि मला उडी मारावीशी वाटली. तू गेलास हे तेवढा वेळ माझ्या डोक्यातच नव्हतं. तुला फोन करायला मी नंबर काढला."

ठीक आहे, असं तो म्हणेल म्हणून मी थांबते. तो तसं म्हणत नाही.

"नळ चालूच ठेवलास?"

"हो."

"म्हणून खोलीत एवढं पाणी झालंय."

तो भजी उचलतो, वास घेतो, परत ठेवतो. "बरं, तिसऱ्या भागानंतर नऊ वर्षं थांबलोय मी. सांग आता. पण इंटरनेटवर लोक लिहितात तसलं नको. पहिल्यांदा बघताना काय वाटलं, तेवढंच."

आम्ही होडीत आहोत. दोन्ही बाजूंना घाटाच्या पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांना आमच्या घराच्या खिडक्या. वल्हं मामाच्या हातात आहे. मी त्याच्या समोर, टपालाच्या पोत्यावर बसले आहे. कावळे वर धुक्यात कुठेतरी आहेत.

"पहिलं म्हणजे धुकं," मी म्हणते. "आधीच्या तिन्ही भागांत ते पडद्यासारखं होतं, सगळीकडे सारखं. आता पाण्याजवळ दाट आणि वर विरळ आहे."

"हं."

"नावाडी आणखी म्हातारा झालाय. नऊ वर्षांनी वाढवलाय त्याला. हाताच्या शिरा दिसतात."

"दाढी?"

"नाही. तुझ्यासारखी दोन दिवसांची वाढलेली."

"मला नाही आवडलं. त्याने रोज करायला हवी. सरकारी टपाल आहे."

"नकाशा खूप मोठा केलाय. मला जरा भीती वाटली, की मोठा केलाय आणि आत काही नसेल. बेटांवरचे दिवे फार पिवळे आहेत, लग्नाच्या मांडवातल्यासारखे."

"आणि वल्हं?"

मला माहीत होतं तो हे विचारणार. दुसऱ्या भागाच्या वेळी मी बारा वर्षांची होते आणि त्याला म्हणाले होते, "मामा, हे चूक आहे. तांब्यात पळी घातली की ती मोडल्यासारखी दिसते. याचं वल्हं पाण्यात सरळ कसं?" मामाने खेळ थांबवला होता. दोघं स्वयंपाकघरात जाऊन आम्ही तांब्या, पातेलं, काचेचा पेला, सगळ्यांत पळी घालून बघितली होती. मामीला सांगितलं, भूमिती चालली आहे.

"वाकलं," मी म्हणते. "पाण्यात शिरतं तिथेच वाकलंय, मामा. मी चित्र थांबवून अंदाजे कोन काढला. बरोबर आहे."

मामा वल्हं पाण्यात घालतो आणि वाकून बघतो. मग काढतो, परत घालतो. त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी दहा दिवसांत एकाही फोटोत पाहिलेलं नाही.

"चला," तो म्हणतो. "एक झालं. आता मुख्य सांग. उतरता येतं का?"

टाइडपोस्टमध्ये होडीतून उतरता येत नाही. बेटावरची माणसं पायरीपर्यंत येतात, हात पुढे करून पत्र घेतात आणि वळून घरी जातात. उतरायचं बटण दाबलं तर नावाडी अर्धवट उठतो आणि परत बसतो. मामा प्रत्येक बेटावर ते बटण दाबून बघायचा. "बसला बघ परत," म्हणायचा. तिन्ही भाग, एकूण एक बेट.

"मृणे?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी शेवट बघितला नाही. होडी पायरीला लागत होती आणि मामीने दार वाजवलं. बरं वाटतंय ना, असं विचारत होती. मी घाबरून बंद केलं. नंतर उघडायचा धीरच झाला नाही."

होडी पायरीला लागते. पायरीवर केळीचं पान आहे. मामा अर्धवट उठतो आणि माझ्याकडे बघत परत बसतो.

"थांब," मी म्हणते. माझा आवाज फार मोठा येतो. "थांब, मामा, उतरता येतं की नाही ते बघून सांगते. आत्ता बघते. जाऊ नकोस."

पंखा फिरतो आहे. फरशी कोरडी आहे. दारात मामी उभी आहे, तिच्यामागे अण्णामामा आणि आणखी दोघं-तिघं. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळतं की मी बराच वेळ मोठ्याने बोलत होते.

मी उठून बसते. कुठे बघावं ते सुचत नाही.

"मग?" मामी म्हणते. "येतं का उतरता?"

"मामी, ते गणित..."

"पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस," मामी म्हणते. "सात वर्षं तुमचं पंधराच्या पुढे काही सरकलं नाही. मला वाटायचं पोरगी मठ्ठ आहे, आणि हे बिचारे कंटाळत नाहीत." ती कॉटवर माझ्या शेजारी बसते. तिचा आवाज बदलतो. "त्यांचा जीव यात अडकला होता? माझ्यावरच्या रागात नाही?"

"तुझ्यावर राग नव्हता गं. याची वाट बघत होता."

"आणि तू सकाळी गप्प बसलीस."

"हो."

ती माझ्याकडे बघत राहते. मी खाली मान घालते. मग ती म्हणते, "लाव."

फोनवर मी झलक लावते, पहिल्यांदाच आवाजासकट. अण्णामामा चष्मा शोधायला जातात आणि परत येतात. धुकं, होडी, शिरा उमटलेले हात, पाण्यात वाकलेलं वल्हं. काल मी जिथे बंद केली होती ती जागा येते आणि जाते. होडी पायरीला लागते. नावाडी अर्धवट उठतो. मामी माझं मनगट धरते. नावाडी पूर्ण उठतो, एक हात पायरीवर टेकतो आणि उजवं पाऊल बाहेर ठेवतो. ओलं पाऊल दगडावर उमटतं. तिथे झलक संपते.

"उतरला की," अण्णामामा म्हणतात.

"सांग त्यांना," मामी म्हणते. "गॅलरीत जाऊन सांग. मोठ्याने."

समोरच्या गच्चीवर शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढताहेत. त्या माझ्याकडे बघताहेत. माझे कान पुन्हा तापलेले आहेत. मी कठड्यापाशी उभी राहते आणि म्हणते, "मामा, उतरता येतं."

मग मी दोन्ही गोळे उचलून आत आणते. मामी ताट घेऊन ओट्यापाशी बसली आहे आणि अण्णामामांना म्हणते आहे, "भात उरला असेल तर वाढा मला." मी काटा शून्यावर आणते आणि गोळे एकेक करून ठेवते.

चाळणीखालचा गोळा: चौऱ्याऐंशी ग्रॅम ठेवला, एक्याऐंशी भरला.

उघडा गोळा: चौऱ्याऐंशी ग्रॅम ठेवला, सत्तावन्न भरला.