जिंकलेल्या मॅचचं सुतक

हॉइट स्ट्रिब्लिंगचा आवाज आमच्या अख्ख्या जिल्ह्याला ओळखीचा होता, चेहरा तितकासा नव्हता. आठवडाभर तो कोंबड्यांच्या खाद्याचा ट्रक घेऊन अलाबामातल्या आमच्या टेकड्यांमधून फिरायचा. एकेका शेडपाशी ट्रक लावायचा, खाद्य सोडायचा आणि चार शब्दही न बोलता पुढच्या शेडकडे निघायचा. पण शनिवारी युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच संपली, की हाच माणूस रेडिओवरच्या फोनच्या कार्यक्रमात असा काही सुटायचा की लोक स्वयंपाकघरातला नळ बंद करून ऐकत.

आमचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. त्यात हरलो तर आम्ही रडतो, ते कुणालाही समजेल. पण आमची खरी तऱ्हा बघायची तर आम्ही जेमतेम जिंकतो त्या दिवशी बघावी. हरल्यावर निदान पंचांना शिव्या घालता येतात. रडतखडत जिंकलो की आम्हाला तेवढाही आधार उरत नाही. मग कोचला हाकला, त्याच्या हाताखालच्यांना हाकला, या पोरांना खेळवतं तरी कोण, असं दिवसभर चालतं. घरोघरी जिंकलेल्या मॅचचं सुतक पाळलं जातं, आणि या सुतकात सगळ्यात मोठा गळा हॉइटचा असायचा.

यामागे काय होतं ते फार थोड्यांना ठाऊक होतं. हॉइटचा मुलगा ब्रँटली त्याच टीममध्ये होता. त्याला कुणी बोलावून घेतलेलं नव्हतं, स्कॉलरशिप नव्हती. स्वतःच्या हौसेने टीममध्ये शिरून राहिलेला पोरगा. सरावात मोठ्या खेळाडूंनी धावत येऊन आदळायला समोर कुणीतरी लागतं, तो ब्रँटली. चार वर्षं त्याने रोज मार खाल्ला आणि मॅचच्या दिवशी परीटघडीच्या कपड्यांत रेषेबाहेर उभा राहिला. मैदानात तोवर एकदाही गेलेला नव्हता. असल्या पोरांना आत घेतात ते आपण भरपूर पुढे असलो तरच, अगदी शेवटी. म्हणून आम्ही थोडक्यात जिंकलो की हॉइटच्या तळपायाची आग मस्तकात जायची. लोकांना वाटायचं, काय हा टीमवेडा माणूस!

त्याच्या बायकोला, अर्लीनला, सगळं कळायचं. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी, हसरी बाई होती. स्टेडियमच्या अगदी वरच्या रांगेत खांबाशेजारच्या दोन जागा त्यांच्या. तिथल्या फळ्यांवर बसून कंबर दुखते म्हणून तिने एक पिवळी विणलेली उशी केली होती. मॅचच्या आधी ब्रँटली खालून त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघायचा आणि हेल्मेटला हात लावायचा. दोन वर्षांपूर्वी आजाराने तिला गाठलं. शेवटच्या दिवसांत ती हॉइटला म्हणाली होती, "तो एकदा तरी आत जाईल, बघ तू. मी नसले तर माझ्या वाटणीचंही तूच बघून घे." हॉइटने शब्द दिला. तेव्हापासून तो शेजारच्या जागेवर तिची उशी ठेवून एकटा बसायचा, आणि मॅच कितीही भिकार असो, मैदान रिकामं झाल्याशिवाय उठत नसे.

त्या वर्षी नोव्हेंबरात एका लिंबूटिंबू कॉलेजशी मॅच होती. पुढे राहिलेल्या सगळ्या मॅचेस दांडग्या टीमशी होत्या, आणि उन्हाळ्याच्या आत ब्रँटलीचं शिक्षण संपणार होतं. म्हणजे आत जायचं तर आजच.

पुढच्या रांगेत बसणारा शेजारी रॉस्को उकडलेल्या शेंगांची पिशवी पुढे करत म्हणाला, "आज पोरगं जाणार बघ आत. हाफटाइमपर्यंत त्यांना लोळवतो आपण."

"तोंड आवर, नजर लावशील," हॉइट म्हणाला, पण हसला. खालून ब्रँटलीने वर बघितलं, हेल्मेटला हात लावला. हॉइटने उशी उचलून हलवली.

आणि मग आमच्या टीमने जो काही खेळ केला! चेंडू ओल्या साबणासारखा हातातून निसटत होता. समोरची पोरं आमच्याहून वीतभर बुटकी, तरी आमच्या अंगावरून पळत होती. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही तीनच गुणांनी पुढे होतो आणि आमचेच लोक आमच्याच पोरांची हुर्यो उडवत होते. एक टाय लावलेले गृहस्थ स्वतःची टोपी पायाखाली तुडवत होते. अर्धं स्टेडियम रागाने उठून चालायला लागलं होतं.

हॉइटने खाली बघितलं. ब्रँटलीचा सत्तेचाळीस नंबरचा स्वच्छ शर्ट रेषेबाहेर तसाच उभा होता, हेल्मेट काखेत धरून. अशा चुरशीत त्याला कोण आत घेणार? संपलं होतं सगळं. ते बघणं हॉइटला सोसवेना.

"चल," तो उठून रॉस्कोला म्हणाला.

"अरे, चारच मिनिटं राहिलीत. तू तर कधी उठत नाहीस."

"आज उठतोय. असली अवलक्षणी टीम बघायला मी बांधलेला नाही."

त्याला खरंच वाटत होतं की आपला राग टीमवर आहे.

रॉस्कोची गाडी दूर, कुरणापलीकडे लावलेली होती. ते पोचेपर्यंत मॅच संपल्याचा भोंगा मागे कधीच वाजून गेला होता. गर्दी टाळायला लवकर निघालेल्या सगळ्यांच्या गाड्या तिथे एकमेकींत अडकून पडल्या होत्या. हॉइटने तिथूनच फोन लावला. रॉस्कोने रेडिओ बारीक केला.

"बोला, हॉइट!" कार्यक्रम चालवणारा मॅक म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. जिंकलो एकदाचे!"

"याला जिंकणं म्हणतात? माझ्या ट्रकमागे धावणाऱ्या कोंबड्या यांच्यापेक्षा बऱ्या खेळतील! त्या कोचचं सामान आजच्या आज बाहेर काढा. आणि ऐक मॅक, शेवटी मैदानात जे अकरा जण उभे होते ना, त्यांच्यातल्या एकालाही मी माझ्या टेबलाशी जेवायला बसवणार नाही. एकालाही नाही!"

रॉस्को खो खो हसला. मॅकही हसला.

"अकराच्या अकरा? अहो, त्या शेवटच्या पोराला तरी सोडा! शेवटी नुसतं चेंडू घेऊन गुडघा टेकायचा होता, घड्याळ संपवायला. तेवढ्यात कोचने त्या सत्तेचाळीस नंबरला पाठीवर थाप मारून आत पाठवलं. चार वर्षांत पहिल्यांदा मैदानात आला म्हणे बिचारा. आज बघण्यासारखं होतं ते तेवढंच. डोळ्यांत पाणी आलं बघा. तुम्ही बघितलंत ना?"

हॉइटचा फोन कानापासून खाली आला.

"हॉइट? लाइन गेली वाटतं," मॅक म्हणाला आणि त्याने पुढचा फोन घेतला.

रॉस्कोने हात पुढे करून रेडिओ बंद केला. "परत जाऊ या का?" तो म्हणाला. पण पुढेमागे गाड्याच गाड्या होत्या आणि परत जाऊन बघायला आता तिथे काही नव्हतं.

"उशी राहिली वर," हॉइट म्हणाला. मग त्याने तोंड हातांत लपवलं आणि तो रडला. पन्नाशी उलटलेला, ट्रक चालवून हात राठ झालेला माणूस लहान मुलासारखा हुंदके देत होता, आणि बाजूच्या गाडीतल्यांना वाटलं, मॅचपायी रडतोय. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

रविवारी चर्चमध्ये ओपलीनबाईंनी त्याचा हात धरला. "काल पोराला बघून भरून आलं असेल ना हो? अर्लीन हवी होती."

"हो," हॉइट म्हणाला. मागच्या बाकावर दोघं जण कुजबुजत होते. बाकी सगळ्यांनी रेडिओ ऐकला होता. ब्रँटलीच्या होस्टेलच्या खोलीतली पोरं दर शनिवारी तोच कार्यक्रम लावून बसतात, हेही हॉइटला ठाऊक होतं.

घरी येऊन त्याने अर्लीनच्या बिडाच्या तव्यात मक्याचा पाव भाजला, घेवड्याचे दाणे शिजवले, दोन ताटल्या मांडल्या. पोरगा दर रविवारी जेवायला यायचा. आज तो येईल असं हॉइटला वाटत नव्हतं आणि आला तर त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं तेही कळत नव्हतं.

ब्रँटली आला. नेहमीसारखा दाराशी बूट काढून आत आला. त्याच्या काखेत पिवळी उशी होती. त्याने ती आईच्या खुर्चीवर ठेवली, हाताने सारखी केली आणि आपल्या जागेशी येऊन उभा राहिला.

"बसू ना मी, डॅडी?"

त्याने हे थट्टेने विचारलं होतं, की खरंच, हॉइटला उमगलं नाही. त्याने स्वतः उठून पोराची खुर्ची मागे ओढली.

दोघांनी मान खाली घालून प्रार्थना म्हटली. ब्रँटलीने पावाचा तुकडा मोडला, लोणी लावलं.

"मी वर बघितलं होतं," तो ताटलीकडे बघत म्हणाला. "हेल्मेटला हातही लावला. पण तुमच्या बाजूला इतकी गर्दी होती, की तुम्ही दिसलाच नाहीत."

ती बाजू तेव्हा ओस पडली होती. रिकाम्या फळ्या, त्यांच्यावर शेंगांची टरफलं आणि एक पिवळी उशी. मॅच संपल्यावर ती आणायला पोरगा एकटा एवढ्या पायऱ्या चढून गेला होता.

"हो," हॉइट म्हणाला. "गर्दी फार होती."

मग हॉइटने काटा खाली ठेवला.

"कसं झालं, सांग ना मला."

"सांगण्यासारखं काही नाही हो. कोचने थाप मारली, मी पळत गेलो. सगळ्यांच्या मागे एकट्याने उभं राहायचं होतं, चेंडू निसटलाच तर पकडायला. तो निसटला नाही. आमच्या पोराने गुडघा टेकला, शिट्टी झाली. झालं."

एवढंच होतं ते. हॉइटने अर्लीनच्या खुर्चीकडे, तिथल्या उशीकडे बघितलं.

"परत एकदा सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग."

ब्रँटलीने हातातला पाव ताटलीत ठेवला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.