सुताने बांधलेले चाक

रेवणसिद्ध गिरणीत फिटर होता. सुटीच्या दिवशी तो जुन्या, टाकून दिलेल्या सायकली गोळा करी. गंज खरवडून, तेल देऊन, रंग लावून त्या चालत्या करी आणि पडवीत उभ्या करून ठेवी. विकायचे नाव नाही.

"लोक कोंबड्या पाळत्यात, ह्यो सायकली पाळतो," असे शेजारचा ईश्वरप्पा म्हणे.

१९३१ साली एका गोऱ्या इंजिनिअरच्या रिकाम्या बंगल्यातून त्याने एक जुनाट सायकल आणली. पुढचे चाक छातीएवढे उंच, मागचे ताटलीएवढे. बायको दाक्षायणी विणकराघरची लेक. तिला पडवीत हातमाग मांडायचा होता.

"अवो, दसऱ्याला ह्याच्यावर बसून शिलंगणाला येशीभाईर जावा. न्हाय जमलं तर ह्ये भंगारात."

"जातो की."

खंडेनवमीला सायकल तयार झाली. रेवणसिद्धने पाने, हातोडी, कानस, स्टोव्ह सगळे पाटावर मांडून विभूती लावली, झेंडू वाहिला. दसऱ्याचे सोने वाटून होईपर्यंत त्या घरात पूजेतले हत्यार हलवत नसत. सायकल चालवून बघायची मात्र राहूनच गेली होती.

दसऱ्याला दुपारी तो गल्लीत सायकलवर चढला. थोडे जाताच मोठ्या चाकाचे भरीव रबर लोखंडी धावेवरून सुटले आणि रेवणसिद्ध ईश्वरप्पाच्या ओट्यावर आदळला.

"झालं बग शिलंगण," ईश्वरप्पा म्हणाला. "माज्या ओट्यापतूर."

रबर चिकटवायला धाव तापवून तिच्यावरच लाख वितळवायला हवी होती, आणि त्यासाठीचा स्टोव्ह पूजेत. रेवणसिद्ध पाटासमोर जाऊन बसला. हात लावला नाही.

दाक्षायणी ते दारातून बघत होती. तिने माहेरच्या पेटीतून खळ दिलेल्या सुताची लड काढली आणि पाण्यात बुडवली.

"पूजा मोडली न्हाईत, बरं केलंत. रबर धरा."

आऱ्यांमधून सूत ओवत तिने रबर धावेला आवळत नेले आणि विणकरी गाठी मारल्या. उन्हात खळ वाळली तसे सूत ताठ झाले.

"म्हंजे भंगारात न्हाय?"

"आदी जाऊन तर या!"

तो गेला, सावकाश. ईश्वरप्पा शेजारून पळत होता. परत आल्यावर आपट्याचे पहिले पान रेवणसिद्धने दाक्षायणीला दिले. मग सोने वाटून झाल्यावर पाटावरची हातोडी उचलून पडवीच्या वाशांना आकडे ठोकले. बाकीच्या सायकली वर टांगल्या गेल्या.

दिवाळीला खाली माग आला. उंच चाकाची सायकल भिंतीशी राहिली. पुढे रबर लाखेने पक्के बसले, तेव्हा दाक्षायणीने ते सूत उकलून, धुऊन मागावर घेतले.