मास्तरांच्या गाडीचं माप

शिंप्याकडे दोन सीटची स्पोर्ट्स कार असेल, यावर कुणाचा विश्वास बसत नसे. मास्तर पुरुषांचे सूट शिवायचे. त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचे गुडघे इतके कुरकुरायला लागले, की तो त्या बुटक्या गाडीत एकदा बसला की त्याला ओढून बाहेर काढावं लागे. शेवटी कंटाळून त्यानं ती मास्तरांना स्वस्तात देऊन टाकली. बायको म्हणायची, ही गाडी नव्हे, चप्पल आहे, जमिनीला इतकी लागून चालते. पण सुट्टीच्या दिवशी शेजारच्या सीटवर जाऊन बसायला सगळ्यांत आधी तीच तयार.

मास्तरांचं आयुष्य मापं घेण्यात गेलं होतं. समोर कुणी आलं की त्यांची नजर आधी खांद्यांवर जायची, मग चेहऱ्यावर. नातेवाइकांची नावं विसरत, पण कुणाचा डावा खांदा उतरता आहे, हे कधी विसरत नसत. कुणी रेडिमेड शर्ट घालून दुकानात आलं तर बोलत काहीच नसत. पाठीवरची चुणी दोन बोटांत धरायची आणि हळूच सोडून द्यायची, बस. समोरचा आपोआप ओशाळायचा.

दुकानाचा कारभार आता लेक बघायची. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. सूट शिवून घेणारे कमी झालेत, तेव्हा दर्शनी काचेमागचं कापायचं टेबल काढावं आणि तिथे रेडिमेड कपड्यांचे हँगर लावावेत. मास्तरांचं म्हणणं त्याहून स्पष्ट होतं. टेबल हलणार नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला कात्री चालवणारा माणूस दिसला पाहिजे, नाहीतर ते दुकान कसलं, गोदाम. एवढ्या एका टेबलावरून घरात वर्षभर धुसफुस चालली होती.

अशात गाडीचा सायलेन्सर सडला. गाडी सुरू केली की कुणीतरी मोठ्यानं गुळण्या करतंय असं वाटे, आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून बंद होत. मूळ कंपनीचा सायलेन्सर आता मिळत नव्हता. राहिले दोन मार्ग. दुसऱ्या एका कंपनीचा रेडिमेड सायलेन्सर मागवायचा, नाहीतर बस डेपोमागच्या वेल्डिंगवाल्या ताईकडून गाडीच्या मापाचा बनवून घ्यायचा.

लेकीनं फोनवर रेडिमेडचे फोटो उघडून बापापुढे धरले. कंपनीवाल्यांनी हेच मॉडेल समोर उभं करून तो बनवलाय, ती म्हणाली, खोक्यातून काढायचा, बोल्ट आवळायचे, काम झालं.

"मॉडेल हेच असेल, पण गाडी ही नव्हे," मास्तर म्हणाले. "हिला मागून एकदा ठोकर बसलीय. हिचं बूड उजवीकडे झुकलंय. त्यांना काय माहीत?"

"म्हणजे माप घेऊन केलेलंच चांगलं."

"नेहमीच."

"ठरलं मग, बाबा. ताईकडून करून घ्या. चांगला बसला तर टेबलाचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही बसला तर टेबल मागच्या खोलीत."

मास्तरांनी एका क्षणात हो म्हटलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, की या घरात आता पाइपावर वाटण्या होणार आहेत तर.

ताई बोलायला फटकळ होती. तिच्याकडे गाडी वर उचलल्यावर मास्तर टेप घेऊन स्वतःच खाली शिरले. गाडीच्या पोटाखाली हात फिरवून त्यांनी खाकी कागदावर पाइपाचा मार्ग बेतला, कुठे वळेल, कुठे चढेल, सगळं खडूनं. तो कागद ताईनं उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, की हे गाडीचं आहे की नवरदेवाच्या पँटचं. काम मात्र तिला आवडलं. फक्त पाइप आणि पत्रा यांच्यात ती सगळीकडे दोन बोटं जागा सोडायचं म्हणत होती. पाइप तापला की वाढतो, इंजिन रबरावर बसलेलं असतं ते डुलतं, आणि ते डुललं की पाइपही डुलतो.

"दोन बोटं?" मास्तर म्हणाले. "ताई, त्याला फिटिंग नाही म्हणत, पोतं म्हणतात."

"तुमचं गिऱ्हाईक सूट घालून तापतं का लाल होईपर्यंत?"

पण मास्तर हट्टाला पेटले होते. आयुष्यभर त्यांचं नाव झालं ते चापूनचोपून बसणाऱ्या सुटांमुळे, आणि आता तर त्यात टेबल अडकलेलं. पाइप अंगालगतच हवा. ताईनं खांदे उडवले, गाडी तुमची, म्हणाली आणि चेहऱ्यावर मुखवटा ओढला. आधी तिनं ठिपक्याठिपक्यांनी पाइप नुसता टाचून घेतला. मास्तरांना ती कच्ची शिलाई लगेच ओळखू आली आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. पक्कं जोडकाम झाल्यावर पाइप गाडीच्या पोटाला असा बिलगला होता, की ताईसुद्धा म्हणाली, दिसायला तर झकास.

मास्तर बायकोला घेऊन चक्कर मारायला निघाले. आवाज खोल, गोल, भारदस्त. सपाट रस्त्यावर सगळं छान. बायकोनं आरशात बघून केस सारखे केले. मग चढ लागला, आणि खालून टण्ण झालं. मास्तर म्हणाले, खडा असेल. पुन्हा टण्ण झालं. मग टणटण सुरूच झाली, जणू गाडीखाली कुणी भांडी घासायला बसलंय.

"अहो, माझी सीट तापतेय."

"ऊन आहे."

"ऊन खालून येत नाही."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर चापूनचोपून बसलेला पाइप तापून वाढला होता आणि पत्र्याला टेकला होता.  घरी न जाता त्यांनी गाडी सावकाश ताईकडे वळवली.

ताईनं, मी सांगितलं होतं, असं म्हटलं नाही. हे तिचं मोठेपण, नाहीतर तिथे बोलायला जागा भरपूर होती. पाइप थंड झाल्यावर तिनं दोन ठिकाणी कापला, खाली उतरवला, पुन्हा जोडला. म्हणाली, झालं, आता चढ चढा नाहीतर डोंगर. मास्तर पुन्हा त्याच चढावर जाऊन आले. जराही टणटण नाही. मुळात झुकलेल्या गाडीला रेडिमेड पाइप असा बसलाच नसता, हेही ताईनं खाली वाकून दाखवलं.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "मी काही ऐकलं नाही, काही पाहिलं नाही. लेकीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पाठ मात्र भाजलीय."

 मास्तर दुकान येईपर्यंत स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. पाइप चांगला बसला होता, ते काही खोटं नव्हतं.

लेक दाराशीच उभी होती. तिनं इंजिनाचा आवाज ऐकला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि तिचा चेहरा जरासा उतरला.

"छान बसलाय की, बाबा. जिंकलात तुम्ही."

"आधी नव्हता बसला," मास्तर म्हणाले. "माप मी घेतलं होतं. घट्ट घेतलं. पत्र्याला लागला. ताईनं कापून पुन्हा केला."

"म्हणजे चूक पाइपाची नाही."

"माझी. पण ठरलं होतं ते पाइप बसण्याचं ठरलं होतं. पहिल्यांदा नाही बसला."

 लेक आत गेली, टेबलावरचं अर्धवट कापलेलं कापड तिनं नीट घडी करून बाजूला ठेवलं, कात्री त्यावर ठेवली.

"मागच्या खोलीत कुठे ठेवायचं, ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "हँगर त्यानंतर."

"खिडकीशी. मला उजेड लागतो."

मागच्या खोलीच्या दारातून टेबल जाईना, पाय काढावे लागले. मास्तर एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला. मधे बायको, भाजलेल्या पाठीवर हात ठेवून, तिरकं करा, तिरकं करा म्हणत होती.