फडक्यातली मटकी

गेल्या मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं आणि माझ्या वहिनीवर अन्याय झाला. तिला सातवा महिना आहे. हौसेने घेतलेल्या मोड आणायच्या डब्यात तिने मटकी भिजवली, ती बुळबुळीत होऊन कुजली. बोलणी तिनेच खाल्ली.

"प्लॅस्टिकचे चोचले! फडक्यात बांधते, मग बघ मोड," असं म्हणत आईने नवी मटकी त्याच नळाच्या पाण्यात भिजवली, निथळून फडक्यात घट्ट बांधली आणि कुणाला सोडू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनेच गाठ सोडली. तोच वास. वहिनीच्या हातात पाण्याचा पेला होता.

"ठेव तो खाली! अगं, हेच पितेयस ना तू?" आई ओरडली.

पेला ओट्यावर राहिला. पाणी इतकं नितळ, की तळाची नक्षी दिसत होती. मला भीती वाटते ती त्या नितळपणाचीच. मटकीने निदान कुजून सांगितलं. पोटातलं बाळ कसं सांगणार?

आता आम्ही पाणी उकळतो, तरी वहिनी घोट घेताना थबकते.

तुम्हीही आजच मूठभर मटकी नळाच्या पाण्यात भिजवा, फडक्यात बांधा. कुजली, तर फेकू नका. फडकं तसंच उचला आणि पालिकेत साहेबांच्या टेबलावर नेऊन सोडा.