तिच्या मुलाची गोष्ट

पिकलेली केळी तळल्याचा वास आला की न्यू जर्सीतल्या आफ्रिकन साहित्य संमेलनातली ती दुपार आठवते. सकाळीच ओळख झालेल्या एका केनियन बाईनं जेवताना तळलेली केळी माझ्या ताटात सरकवली आणि म्हणाली, “आजारी मुलानं पाणी मागितलं, मी म्हटलं थांब, फोन संपू दे. पाणी घेऊन गेले तर तो गेलेला. आज हे वर्कशॉपमध्ये लिहिणार आहे, पहिल्यांदाच.” वर्कशॉप घेणाऱ्या लेखिकेनं सांगितलं, स्वतःचं, कुणाला कधी न सांगितलेलं लिहा. मराठी मंडळाच्या अंकात वर्षानुवर्षं लिहिणारी मी, मला काही सुचेना, आणि कोरा कागद दाखवायची लाज वाटली. मी तिचंच लिहिलं, माझं म्हणून, फक्त गाव पुणे केलं. वाचायची पाळी आधी माझी आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी “सो ब्रेव्ह” म्हणालं. मग तिची पाळी. तिनं लिहिलेले कागद शांतपणे घडी करून पर्समध्ये ठेवले. “माझं वाचून झालंय,” एवढंच म्हणाली. कुणाला काही कळलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. माझा मुलगा धडधाकट आहे, इथेच अमेरिकेत, फ्रिस्को शहरात असतो. त्याला हे अजून सांगितलेलं नाही, कारण त्या दुपारी टाळ्यांसाठी मी कागदावर त्यालाच मारलं होतं.