तिट्टूवर जेवलेली बाई

नव्या पाण्याला वास असतो. पहिल्या पावसात मातीला येतो तो नव्हे – हा वेगळा. कुजलेली पानं, गाळ, ओली हळद आणि कुठूनतरी दूरवरून आलेला गारवा, असा काहीसा. कुंभकोणमला आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात, काविरी भरून आली की दारासुरमच्या आमच्या घरापर्यंत तो वास येई, आणि शेजारच्या रेशमाच्या मागांची खटखटसुद्धा त्यानं ओलसर झाल्यासारखी वाटे.

आरंभीच सांगते, अद्भुतावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. कवितेत नदी बोलते, हे मी एम. ए.ला शिकले; पण नदी खरोखर बोलते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पुढे जे लिहिते आहे, ते हसणं विसरल्यानंतरचं आहे.

माझं माहेर वाईचं, कृष्णाकाठचं. सासर मात्र तंजावरी मराठी – पिढ्यान्‌पिढ्या तिथंच रुजलेलं, बाहेर तमिळ आणि घरात जुन्या वळणाची मराठी बोलणारं. ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली. तोवर माझी दोन गरोदरपणं तिसऱ्या महिन्यातच संपली होती. डॉक्टरांनी कारण सांगितलं नव्हतं, आणि घरात कुणी विचारतही नव्हतं. न विचारण्याचंही एक ओझं असतं...

आडीच्या अठराव्या दिवशी तिथल्या बायका नदीची पूजा करतात. त्या महिन्यात काविरी गर्भार असते, अशी समजूत. म्हणून तिचे डोहाळे पुरवायचे – चिंचेचा भात, लिंबाचा, नारळाचा, गुळाचा. शहरातल्या घाटावर फार गर्दी होते, म्हणून आमच्या घरच्या बायका बसनं कोळ्ळिडमच्या, म्हणजे काविरीच्याच मोठ्या फाट्याच्या, काठी जात आणि होडीनं नदीतल्या तिट्टूवर उतरत. तिट्टू म्हणजे बेट. तिथं वस्ती नाही. एक कडुलिंब आणि त्याच्या बुंध्याशी हळद माखलेली शिळा, एवढंच. सकाळी जायचं, जेवायचं, उन्हं कलताना परतायचं.

एक नेम मात्र कडक होता. गर्भार बाईनं त्या दिवशी नदी ओलांडायची नाही. एका गर्भिणीनं दुसरीला ओलांडू नये. त्यामुळे निघण्याआधी सासूबाई – आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो – घरातल्या प्रत्येक सुनेला विचारत. त्या वर्षी त्यांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलं, ओठ उघडले, आणि केळीची पानं मोजू लागल्या. मलाही काही ठाऊक नव्हतं.

होडीत माझी थोरली नणंद कमलाक्का, सगळ्यात गूळ घालायच्या माझ्या माहेरच्या सवयीवरून, माझी थट्टा करत होत्या. "अम्मा, चिंचेचा भात हिच्या हातीं कां दिलास? वाटेंत गूळ घालील."

"तुमची नदी गोड कशानं झाली, अक्का? आमच्याच गुळानं," मी म्हटलं.

"ऐकलेंस, अम्मा? लग्नांत तोंड उघडत नव्हती ही."

"दोघी बसा गे नीट," अम्मा म्हणाल्या. "होडी डोलते."

पूजा झाली. शिळेला पिवळा दोरा बांधला. नदीचा वाटा पाण्यात सोडायचं काम धाकट्या सुनेचं. त्या वाट्याचं पान आणि आमच्या जेवणाचा टिफिन घेऊन मी बेटाच्या खालच्या टोकाला गेले. अम्मा आणि कमलाक्का मागून येणार होत्या.

तिथं पाण्यात एक बाई बसली होती.

कंबरेपर्यंत पाणी, ओले मोकळे केस, अंगावर मातकट पिवळं लुगडं. दिवस अगदी भरत आलेले. पलीकडच्या गावातली असेल, असं मला वाटलं. "भूक लागलीय," ती तमिळमध्ये म्हणाली, आणि ओंजळ पुढे केली.

नदीला दिल्याशिवाय ते अन्न माणसाला द्यायचं नसतं. क्षणभर मी थबकले. पण तिचे डोळे पानावरून हलत नव्हते... मी पान तिच्या हाती दिलं.

तसं जेवणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. चिंचेच्या पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पान संपलं. "अजून," ती म्हणाली. मी टिफिन उघडून दिला. मग माझ्या ध्यानात आलं – आवाज नव्हता. एवढी भरलेली नदी, आणि कसलाच आवाज नव्हता. मी खाली पाहिलं. प्रवाह तिच्या दिशेनं वेगात येत होता, पण तिच्या कंबरेशी दुभंगत नव्हता. ना भोवरा, ना तरंग. जणू पाण्याला तिथं काही अडतच नव्हतं.

मला भीती वाटली नाही. देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकताना आपण आपोआप हळू होतो, तशी मी आतून हळू झाले.

ती उठली. ओला हात माझ्या पोटावर ठेवला, काही बोलली. मी रिकाम्या डब्याकडे वळले तेवढ्यात नदीचा आवाज एकदम परत आला. मान वर केली, तर समोर नुसतं पाणी.

"सगळें एकटीनें खाल्लेंस?" मागून आलेल्या कमलाक्कांनी विचारलं. मी सांगितलं. नावाडी म्हणाला, सकाळपासून त्याच्या होडीखेरीज दुसरी होडी आलेलीच नाही, आणि या धारेत पोहून कुणी येणं शक्य नाही. अम्मा मात्र काही ऐकत नव्हत्या. त्या माझ्या हिरव्या साडीकडे पाहत होत्या. पोटावर गाळाचा ठसा होता – पाची बोटं स्पष्ट.

"तुला दिवस गेले कीं काय गे?" त्यांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही, अम्मा."

त्यांचा चेहरा उतरला. आता परत जायला तीच नदी पुन्हा ओलांडायची होती, आणि पाणी चढलं होतं. अम्मांनी माझा पदर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला. "मीं विचारलें नाहीं," एवढंच त्या पुटपुटत राहिल्या. पण होडी डोललीच नाही. कुणीतरी तळहातावर धरून नेल्यासारखी ती त्या धारेतून काठाला लागली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, दिवस गेले आहेत. तिसरा महिना आला. रात्री मी श्वाससुद्धा बेतानं घेत असे. तो महिना गेला. चौथाही गेला. माझी मुलगी आता शाळेत जाते, आणि आंबट खाण्यावरून रोज बोलणी खाते.

यजमानांचं म्हणणं, ऊन, उपास आणि त्या दिवसांतली हळवी प्रकृती. असेलही. तो ठसाही दाखवायला उरला नाही. घरी येताच मी साडी धुऊन टाकली होती, त्यावर अम्मा आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नव्हत्या. माझ्यापाशी स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते शोधणंही सोडलं आहे.

फक्त एक गोष्ट मी घरात कुणालाच सांगितली नाही. माझ्याशी तमिळ बोलणारी ती बाई, पोटावर हात ठेवल्यावर जे बोलली, ते तमिळ नव्हतं. अम्मांची जुनी मराठीही नव्हती. आमच्या वाईला सासरी निघालेल्या मुलीला आया ज्या स्वरात सांगतात, नेमक्या त्याच स्वरात ती मला म्हणाली होती –

"जप."